उत्तराखालच्या दोन रेघा

दोन हजार चोवीस साल. सुधाकर बोरकुटे तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि हिशेबाच्या मोठ्या परीक्षेला त्या वर्षी तो शेवटचा बसला. ‘शेवटचा’ हा शब्द त्याचा नव्हता. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा होता. पण त्यानं तो मान्य केला होता.

परीक्षेचं नाव मी लिहीत नाही. ती पास झालेल्या माणसाची सही कंपन्यांच्या कागदावर चालते आणि त्या सहीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, एवढं मला समजतं. त्याहून जास्त समजायची मला गरज पडली नाही. मी चौथी शिकलेला पेंटर आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात माझं दुकान आहे. एक काळ असा होता की पंडरीच्या कापड बाजारातून मान वर करून चाललं, तर जिकडे पाहावं तिकडे माझी अक्षरं. आता फ्लेक्स आले. मशीन घ्या म्हणून मुलानं सांगितलं, जावयानं सांगितलं. नाही घेतलं. ज्याला हातची अक्षरं पाहिजेत तो येतो, बाकीच्यांनी खुशाल मशीनकडे जावं.

सुधाकर बऱ्याच वर्षांपूर्वी असाच हातची अक्षरं पाहिजेत म्हणून आला होता. नवीन लग्न झालेलं, आमच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतलेल्या. पंडरीत एका साहेबाच्या ऑफिसात नोकरी. कागद हा तयार करायचा आणि खाली सही साहेब करायचे, कारण परीक्षा साहेब पास होते. दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “काका, एक नावाचा बोर्ड पाहिजे. सुधाकर बोरकुटे एवढंच लिहा आणि खाली जागा सोडा.”

“खाली काय येणार?”

“पदवी.”

“मग आताच लिहून टाकतो ना. पुन्हा ब्रश काहून भिजवू?”

“निकाल लागू द्या.”

“लागंल ना लेका. अभ्यास तर करून राहिला तू.”

“हे दिलेलं नाही काका,” तो म्हणाला. “हे मानलेलं हाये.”

मला वाटलं पोट्टा चिडवून राहिला. पण तो त्याचा स्वभावच होता. त्याच्या अभ्यासात म्हणे गणित सोडवायच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात. प्रश्नात काय दिलेलं आहे ते एकीकडे, आणि आपण आपल्या मनानं काय मानून चाललो ते दुसरीकडे. जे मानलं ते कागदावर लिहून सांगायचं, लपवायचं नाही. हे त्याच्या डोक्यात इतकं बसलं होतं की गल्लीतही तो तसाच बोलायचा. कोणी बातमी आणली की अमक्याच्या घरी भांडण झालं, वेगळे निघून राहिले, तर सुधाकर शांतपणे विचारायचा, “हे दिलेलं हाये का मानलेलं?” बातमी आणणाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. त्यामुळे बायका त्याच्यासमोर बोलत नसत. सुनंदा म्हणायची, “काका, यायच्यापायी मले कोणाचं काही समजत नाही. माझ्या दारात येऊन लोक गप बसतात.”

बोर्ड मी मन लावून केला. पांढरा पत्रा, निळी अक्षरं, अक्षरांना बारीक काळी किनार. खाली जागा मोकळी. तो पाहून खूश झाला, पण घरी नेला नाही. “घरी ठेवला तर सुनंदा रोज पाहील. तुमच्याकडेच राहू द्या.” तेव्हापासून तो बोर्ड माझ्या दुकानात मागच्या भिंतीला टेकून उभा होता. परीक्षेचा निकाल लागला की सुधाकर संध्याकाळी यायचा. मी विचारत नसे. तो बोर्डाजवळ जायचा, रुमालानं धूळ पुसायचा आणि म्हणायचा, “राहू द्या काका अजून.” मग मी समजायचो. कधी एक पेपर राहायचा, तो निघाला की दुसरा राहायचा.

त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी स्टीलची पट्टी असायची. उत्तर आलं की त्याच्याखाली पट्टी ठेवून दोन रेघा मारायच्या, ही त्याची पद्धत. सगळेच हिशेबवाले मारतात म्हणे, पण पट्टी खिशात घेऊन कोणी फिरत नाही. एकदा मी म्हटलं, “एक रेघ मारली तर काय बिघडते?” म्हणाला, “एक म्हणजे बेरीज केली. दोन म्हणजे संपलं. दोन रेघांच्या खाली मग काही लिहायचं नसते.”

एकदा ते दोघं आठ दिवसांसाठी गोंदियाला गेले, सुनंदाच्या माहेरी. जाताना यानं दुधवाल्यासाठी दाराला कागद लावला, “दूध बंद”, आणि सवयीनं खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. परत आले तर दूध येईना. दुधवाल्याला गाठलं तर तो छत्तीसगढी माणूस हात जोडून म्हणाला, “भैया, मैं समझा आप नाराज हो गए. इतना पक्का लिखे थे.” सुनंदा महिनाभर हसत होती. “दोन रेघा मारून मारून एक दिवस मलेही बंद करसान तुम्ही.”

असा माणूस चारचौघांत चालत नाही. चौबे कॉलनीत आमच्या मराठी लोकांचा गणपती बसतो. एका वर्षी स्टेजचा पडदा मी रंगवला होता, म्हणून मी समोरच बसलो होतो. मुलांची प्रश्नमंजुषा होती, बरोबर उत्तराला एक पेन बक्षीस, आणि मंडळाच्या देशमुख मॅडमनी सुधाकरला परीक्षक केलं, ऑफिसातला माणूस म्हणून. पहिलाच प्रश्न, भारतातली सगळ्यात लांब नदी कोणती. एका मुलीनं हात वर केला. “गंगा!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुधाकरनं चिठ्ठी पुन्हा वाचली. प्रश्न तो नेहमी दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना शब्दाखाली बोट फिरवायचा.

“थांबा,” तो म्हणाला. “पूर्ण लांबी धरायची का भारतातली तेवढी? पूर्ण धरली तर उत्तर बदलते.”

देशमुख मॅडम म्हणाल्या, “अहो बोरकुटे, चौथीची पोरं हायेत.”

“पोरं चौथीची हायेत मॅडम, पण प्रश्न चुकला हाये.”

पुढचे प्रश्नही त्यानं असेच धरून ठेवले. मुलं पेंगायला लागली. त्या मुलीची आई उठून आली, “भैया, बच्ची को पेन दे दो ना. बात खतम करो.” सुधाकर म्हणाला, “दीदी, पेन ले जाइए, दस ले जाइए. पर सही जवाब बोल के नहीं दे सकता.” आई पेन न घेता निघून गेली. मॅडमनी त्याच्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या आणि त्यानंतर कधी बोलावलं नाही. परत येताना मी म्हटलं, “एक पेन देऊन टाकला असता तर गणपती बाप्पा रागावला असता काय?” तो चालत राहिला. चालता चालताच म्हणाला, “बाप्पाचं मले माहीत नाही काका.”

मला तो आवडायचा तो यामुळेच. मीही वाकडं अक्षर लिहून देत नाही, गिऱ्हाईक चालते म्हणालं तरी.

चोवीस साली साहेब थकले. त्यांचा मुलगा ऑफिस बघायला लागला आणि त्यानं स्पष्ट सांगितलं की मी सगळं काम कॉम्प्युटरवर आणि मोठ्या शहरातल्या माणसांकडून करून घेणार. साहेब सुधाकरला म्हणाले, “तू या वेळी पास हो. मी माझ्या हातानं तुझं नाव पार्टनर म्हणून टाकतो, मुलगा काही बोलणार नाही. नाही झालास तर मग माझं काही चालणार नाही.” इकडे सुनंदाच्या भावानं गोंदियात कॉलेजजवळ एक खोली पाहून ठेवली होती. तिच्या हाताला चव आहे, तिथं डब्यांचं काम सुरू करा, म्हणून तो दोन वर्षं मागं लागला होता. सुनंदा सुधाकरला म्हणाली, “हा शेवटचा फॉर्म. पास झाले तर मी जन्मभर रायपूरचं नाव घेईन. नाही झाले तर गोंदिया. मंग मले पुढच्या वेळचं सांगायचं नाही.” तो म्हणाला, “हव.”

यावेळी एकच पेपर राहिला होता. तो देऊन संध्याकाळी दुकानात आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, “पेपर चांगला गेला. एक प्रश्न सोडला.”

“येत नव्हता?”

“प्रश्नच चूक होता.”

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि मला समजलं, म्हणजे कोणालाही समजेल. एका कारखान्यानं मशीन घेतलं. वर्षाच्या शेवटी त्या मशीनची झीज किती धरायची, असं विचारलं होतं. पण मशीन घेतलं कोणत्या महिन्यात, ते दिलंच नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला घेतलं असेल तर एक उत्तर, मध्ये घेतलं असेल तर दुसरं. आणि खालच्या चार उत्तरांत ही दोन्ही दिलेली. पूर्वीच्या परीक्षेत लिहायला जागा असायची. ‘मशीन सुरुवातीला घेतलं असं मानलं आहे’ अशी ओळ लिहायची आणि पुढं जायचं. आता असे प्रश्न नुसते गोल काळे करायचे. मानलं ते लिहायला जागाच नाही.

मी म्हटलं, “मंग एक गोल काळा करून टाकायचा. चुकलं तर मार्क कापतात काय?”

“नाही कापत.”

“मंग?”

तो माझ्याकडे असा पाहत राहिला जसा मी त्याला खोटी सही करायला सांगितली. “काका, मले माहीत नाही मशीन कधी घेतलं. तिथं कोणालेच माहीत नाही. मंग माहीत हाये असं काहून दाखवू? उद्या मी सही करायला बसीन तेव्हा कागदात असंच काही नसलं, तर तिथंही एक गोल काळा करू काय?”

घरी जाऊन त्यानं सुनंदाला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळत राहिली. म्हणाली, “एक गोल होता ना हो.”

चुकलेल्या प्रश्नाबद्दल परीक्षेच्या संस्थेला काही दिवस हरकत पाठवता येते. सुधाकरनं पाठवली. दोन्ही उत्तरं काढून दाखवली, दोन्हीखाली दोन रेघा. त्याच्या ऑफिसात प्रियंका नावाची एक शिकाऊ मुलगी होती, तीही त्याच परीक्षेला बसली होती. आईवडील अमरावतीकडचे, पण पोट्टी हिंदीशिवाय बोलत नाही. ती म्हणाली, “सर, आप क्यों टेंशन ले रहे हो? मैंने तो आँख बंद करके ‘सी’ भर दिया.” सुधाकर म्हणाला, “बेटा, हरकत ‘सी’ची नाही, प्रश्नाची हाये.”

निकालाच्या आधी संस्थेची सूचना आली. सुधाकर मोबाइल घेऊन दुकानात धावत आला. त्याला धावताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं. प्रश्नात त्रुटी आहे हे संस्थेनं मान्य केलं होतं. त्यानं मला ती ओळ वाचून दाखवली, मग पुन्हा बोट ठेवून वाचायला लागला. बोट अर्ध्यावर थांबलं.

“काय झालं रे?”

“ज्यांनी हा प्रश्न सोडवला त्यांना पूर्ण मार्क. कोणताही गोल काळा केला असला तरी.”

“अन् ज्यानं नाही केला?”

तो बोर्डाकडे पाहत राहिला. “त्याच्याबद्दल काही दिलेलं नाही,” म्हणाला.

निकाल लागला. तो त्या प्रश्नाच्या मार्कांनीच राहिला. आणि प्रियंका त्याच मार्कांनी पास झाली. पेढे घेऊन आली, ऑफिसात नाही, घरी आली. वाकून पाया पडली. “सर, आपकी वजह से हुआ. आप ऑब्जेक्शन नहीं डालते तो मैं गई थी.” पोरीचे डोळे भरून आले होते, तिचं काही खोटं नव्हतं. सुनंदानं तिला पाणी दिलं. सुधाकरनं पेढा घेतला, तिच्यासमोर पूर्ण खाल्ला, हात पुसला आणि म्हणाला, “अभिनंदन बेटा. आता सही करताना डोळे उघडे ठेवजो.” ती हसली. तिला वाटलं सर गंमत करून राहिले.

त्यानं संस्थेला पुन्हा लिहिलं. प्रश्न चूक आहे असं तुम्हीच म्हणता, मग ज्यानं चूक ओळखून उत्तर दिलं नाही, त्याचं काय चुकलं? दिवाळी होऊन गेल्यावर उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे, एवढंच. गल्लीत एक वकील राहतात, ते म्हणाले, बिलासपूरला हायकोर्टात जा, केस चांगली आहे. सुधाकर म्हणाला, “कोर्टात काय सिद्ध करू वकीलसाहेब? प्रश्न चूक होता ते त्यांनी मान्य केलंच हाये.” साहेबांनी घरी निरोप पाठवला की मी मुलाशी बोलतो. मुलगा काय म्हणाला ते कोणी सांगितलं नाही. सुधाकर एका संध्याकाळी ऑफिसातून आपला डबा, पाण्याची बाटली आणि देवाचा फोटो घेऊन घरी आला.

घरातलं सामान बांधून झालं तेव्हा तो दुकानात आला. गोंदियाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. मी पेट्रोल पंपाच्या पाटीचं काम करत होतो, हात थांबवला नाही.

“काका, बोर्ड पूर्ण करून टाका.”

मी वर पाहिलं. क्षणभर मला वाटलं संस्थेचं काही आलं.

“खाली लिहा, घरगुती डबे मिळतील.”

मी ब्रश खाली ठेवला. “नाही लिहीत.”

“काहून?”

“ती जागा मी त्याच्यासाठी नाही सोडली. नवीन पत्रा देतो, फुकट देतो, तुझ्या बायकोच्या नावानं झ्याक बोर्ड करून देतो. याच्यावर नाही लिहीत. पुढच्या वर्षी फॉर्म भर. पास होतो तू.”

“मानलेलं हाये काका.”

“असू दे मानलेलं! मी मानतो ना. कोणी तरी मानलं पाहिजे का नाही?”

तो हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. “मी सुनंदाले शब्द दिला हाये,” म्हणाला. “नवीन पत्रा कशाला वाया घालवता? याच्यावर जागा हाये.”

“जागा हाये म्हणून काही बी लिहायचं असते काय?”

हे बोललो आणि मला वाटलं आता हा काही बोलेल, कारण ही भाषा त्याचीच होती. पण तो मागं गेला, रुमालानं धूळ पुसली, बोर्ड काखेत घेतला आणि पायरी उतरून गेला. मी थांबवलं नाही. मी आजही म्हणतो की मी लिहिलं नाही ते बरोबरच केलं. मला कोणी कितीही समजावलं तरी त्या जागेवर माझा हात चालला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर सुधाकर माझ्या पायरीवर बसलेला. मांडीवर बोर्ड, शेजारी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली निळ्या रंगाची लहान डबी, हातात पोरांच्या चित्रकलेचा ब्रश. म्हणाला, “घरात रंगाचा वास कोंडते काका, म्हणून इथं बसलो.” वर माझी अक्षरं होती आणि खाली तो आपल्या हातानं लिहून राहिला होता. अक्षरं उत्तरपत्रिकेतल्यासारखी बारीक, एका बाजूला झुकलेली. रंग जास्त भरला होता, एक ओघळ खाली आला होता. मी चिंधी पुढं केली. त्यानं ओघळ पुसला. पूर्ण ओळ लिहून झाली तेव्हा त्यानं ती वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली, बोट फिरवत, रंगाला न लावता. गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला आणि वरून सुनंदानं हाक मारली. “आलो,” तो म्हणाला, आणि खिशातून स्टीलची पट्टी काढून त्या ओळीखाली, सावकाश, दोन रेघा मारल्या.